टीव्हीचा आवाज वाढवणारी मुलं

घरात आई मार खात असते तेव्हा दाराआड एक मूल उभं असतं. त्याला मदत कुठून मिळते, कायदा त्याच्यासाठी काय करतो आणि कॉलेजात शिकणारे आपण त्यात नेमकं काय करू शकतो?

दिवाळीची सुट्टी लागली की हॉस्टेल दोन दिवसांत रिकामं होतं. एसटीचं बुकिंग, बॅगा, 'घरच्या फराळाची वाट बघतोय'वाल्या स्टोरीज. या गडबडीत एखादी मुलगी 'मला प्रोजेक्ट संपवायचाय गं' म्हणत मागे राहते. एखादा मुलगा रोज रात्री नऊच्या सुमारास गॅलरीत जाऊन धाकट्या भावाला फोन लावतो. प्रश्न तीनच असतात. जेवलास का? बाबा आले का? झोपले का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं की याचा चेहरा सैल होतो आणि मग तो मेसमध्ये जेवायला येतो.

आपण त्याला 'काय रे, रोज काय घरी फोन' म्हणून चिडवतो. तो हसतो आणि विषय बदलतो. विषय बदलण्यात ही मुलं तरबेज असतात, कारण त्यांची प्रॅक्टिस लहानपणापासूनची असते.

कौटुंबिक हिंसाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मार खाणारी बाई येते आणि यायलाच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. म्हणजे दहा घरांमागे जवळपास तीन घरं. याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करणारा आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. बाकीच्यांच्या घरात काय चाललंय हे बाहेर कुणाला कळतच नाही. पण घरातल्या मुलांना ते कळत असतं. साक्षीदार म्हणून त्यांना कुणी बोलावत नाही एवढंच.

'त्याला काय कळतंय?'

'तो लहान आहे, विसरेल', 'ती तर झोपली होती' ही मोठ्यांची आवडती वाक्यं. प्रत्यक्षात अशा घरातलं मूल फारसं गाढ झोपत नाही. बाबांच्या गाडीचा आवाज त्याला गल्लीच्या टोकापासून ओळखता येतो. स्टँड कसा लावला, चावी टेबलावर ठेवली की फेकली, यावरून आजची रात्र कशी जाणार याचा अंदाज त्याला असतो. आतून आवाज वाढला की ते टीव्हीचा आवाज वाढवतं. धाकट्या बहिणीला त्या खोलीतून बाहेर काढतं. कुणी लाटणं लपवून ठेवतं, कुणी आईच्या आणि बाबांच्या मध्ये जाऊन उभं राहतं.

दिवसा हेच मूल शाळेत असतं. तिथे ते कसं दिसतं? सगळी मुलं एकाच प्रकारे वागत नाहीत. सहा-सात वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, आईचा पदर सोडत नाही, शाळेत जाताना रोज पोट दुखतं म्हणतं. डॉक्टरांना पोटात काही सापडत नाही. थोडं मोठं मूल वर्गात मारामाऱ्या करतं किंवा याच्या अगदी उलट, नको तितकं शहाणं होतं. घरात तिसरं भांडण होऊ नये म्हणून कधी काही मागत नाही, कधी नापास होत नाही. 'किती गुणी पोरगी आहे' असं सगळे म्हणतात आणि तिची काळजी करायचं कुणालाच सुचत नाही. दहावी-बारावीच्या वयात काही जण घराबाहेरच जास्त राहायला लागतात, काही व्यसनाकडे वळतात, काही स्वतःला इजा करतात. काहींना वाटतं, लवकर लग्न करून या घरातून सुटावं.

यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे घरात मारहाण होतेच असं अजिबात नाही. पोट परीक्षेच्या भीतीनंही दुखतं. पण 'आळशी', 'हट्टी', 'भांडखोर' असा शिक्का मारण्याआधी एकदा विचारायला हरकत नसते.

या विषयावरचा एक अभ्यास जगभर सांगितला जातो. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं आणि त्यांच्या तब्येतीच्या नोंदींशी ती उत्तरं ताडून बघितली. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. बालपणातल्या त्रासदायक अनुभवांच्या यादीत 'आईला मारहाण होताना बघणं' हा एक स्वतंत्र प्रकार होता. अशा अनुभवांची संख्या जितकी जास्त, तितकं मोठेपणी नैराश्याचं, व्यसनाचं आणि हृदयविकारासारख्या आजारांचंही प्रमाण जास्त, असं चित्र त्यातून दिसलं. थोडक्यात, मुलाच्या अंगावर एकही वळ नसला तरी त्याला लागलेलं असतं.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती आपण लक्षात ठेवायला हवी. अशा घरात वाढलेल्या प्रत्येकाचं आयुष्य बिघडतं असं नाही. मुलाच्या आसपास भरवशाचं एक जरी मोठं माणूस असेल, तरी फार फरक पडतो. ते माणूस आजी असेल, शेजारच्या काकू असतील, क्लासच्या बाई असतील. ते तुम्हीही असू शकता.

कायद्यात मूल कुठे आहे?

'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. नावात फक्त महिला असल्या तरी आत मुलांचा उल्लेख ठिकठिकाणी आहे. मूल म्हणजे १८ वर्षांखालची कुणीही व्यक्ती, त्यात दत्तक आणि सावत्र मूलही आलं. मारहाणीखेरीज शिवीगाळ, अपमान, मानसिक छळ, लैंगिक छळ आणि पैशांची अडवणूक या सगळ्याला हा कायदा हिंसा म्हणतो. घडलेल्या प्रकाराची नोंद ज्या सरकारी नमुन्यात होते त्याला 'घरगुती घटना अहवाल' म्हणतात. त्यातल्या प्रश्नांमध्ये बाईला किंवा तिच्या मुलाला शाळा-कॉलेजात जाऊ न देणं आणि मुलांच्या खर्चाला पैसे न देणं याही गोष्टी आहेत. म्हणजे 'मी हात कुठे उचलला? फक्त फी भरली नाही' हे बाबांचं उत्तर कायद्याला पुरत नाही.

मॅजिस्ट्रेट काय काय करू शकतात? मारहाण करणाऱ्याला पुन्हा तसं वागायला मनाई करणारा संरक्षण आदेश देऊ शकतात. हिंसा सोसणारी व्यक्ती मूल असेल तर त्याच्या शाळेत शिरायलाही मनाई करता येते. आईला आणि मुलांना राहत्या घरातून बाहेर काढू नये असा निवासाचा आदेश देता येतो. मुलांचा ताबा तात्पुरता आईकडे देता येतो आणि वडिलांच्या भेटींनी मुलाला अपाय होईल असं वाटलं तर त्या भेटी नाकारता येतात. आई आणि मुलांसाठी खर्चाची रक्कम ठरवून देता येते. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी आणि तिथून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात कोर्टातल्या गर्दीमुळे हे वेळापत्रक लांबतं, पण त्याआधी अंतरिम आदेश मागता येतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट मुलींना माहीत असायला हवी. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी मुलगी, बहीण, आईसुद्धा या कायद्याखाली दाद मागू शकते. वडील किंवा भाऊ मारत असेल, कॉलेज बंद करत असेल, तर १९ वर्षांची मुलगी स्वतः अर्ज करू शकते.

मुलालाच मारहाण होत असेल, त्याच्याकडे दुर्लक्ष होत असेल तर दुसरा रस्ता आहे बाल न्याय अधिनियम, २०१५ चा. सांभाळणाऱ्या माणसानंच ज्याला इजा केली किंवा छळलं, त्या मुलाला हा कायदा 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणतो. अशा मुलांचा निर्णय जिल्ह्यातली बालकल्याण समिती घेते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. तिच्यासमोर मुलाला पोलीस, सामाजिक कार्यकर्ते, डॉक्टर, जागरूक नागरिक यांपैकी कुणीही नेऊ शकतं. मूल स्वतःही जाऊ शकतं. प्रकार लैंगिक अत्याचाराचा असेल तर पॉक्सो कायदा लागतो आणि तिथे पोलिसांना कळवणं हे ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'घरातली गोष्ट घरात मिटवू' हा पर्याय तिथे शिल्लकच राहत नाही.

ब्रिटननं २०२१ च्या कायद्यात आणखी एक पाऊल टाकलं. घरातली हिंसा बघणारं, ऐकणारं, तिचे परिणाम भोगणारं मूल हे स्वतःच पीडित आहे, असं तिथे कायद्यातच लिहिलं गेलं. तिथे 'ऑपरेशन एन्कम्पास' नावाची एक व्यवस्थाही आहे. रात्री पोलीस एखाद्या घरी गेले, तर सकाळी शाळा भरायच्या आत त्या मुलाच्या शाळेला कळवलं जातं. शिक्षक मुलाला खोदून काही विचारत नाहीत. पण गृहपाठ झाला नाही म्हणून त्या दिवशी त्याला ओरडतही नाहीत. आपल्याकडे अशी व्यवस्था रूढ नाही. पण ओरडण्याआधी थांबायला कायदा कशाला लागतो?

फोन केल्यावर काय होतं?

'दस नौ आठ', म्हणजे १०९८. ही चाइल्डलाइन सुरू झाली आपल्या मुंबईत, १९९६ मध्ये. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं, रस्त्यावरच्या मुलांसाठी. पुढे ती देशभर पसरली. २०२३ पासून तिचा कारभार टप्प्याटप्प्यानं राज्य सरकारांच्या महिला व बालविकास विभागांकडे आला आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी ती जोडली गेली. फोन फुकट, चोवीस तास. मूल स्वतः करू शकतं, तुम्हीही करू शकता.

फोन करायला आपला हात का थांबतो? पहिली भीती: 'माझ्यावरच केस झाली तर?' २००५ च्या कायद्यात याचं सरळ उत्तर आहे. हिंसा होते आहे असं वाटण्यासारखं कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तुम्ही नातेवाईक असायची गरज नाही. तुमच्याकडे पुरावा असायचीही गरज नाही, तो शोधणं हे तुमचं काम नव्हे.

दुसरी भीती जास्त खोल आहे: 'त्या लेकराला उचलून अनाथाश्रमात टाकतील.' ही भीती मुलांना स्वतःलाही असते आणि मारणारी माणसं ती मुद्दाम घालतात. बाल न्याय कायद्याचं तत्त्व याच्या उलट आहे. मुलाची जागा कुटुंबात आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. म्हणून आधी बघितलं जातं ते आई सुरक्षित राहून मुलाला सांभाळू शकते का, आजी-मामा-मावशी आहेत का. आईला सुरक्षित करणं हाच बहुतेक वेळा मुलाला सुरक्षित करण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता असतो.

म्हणूनच आईपर्यंत मदत कुठून पोहोचते हेही माहीत हवं. महाराष्ट्रात याची एक चांगली परंपरा आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी मिळून 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' सुरू केला, तोही पोलीस आयुक्तालयात. कल्पना साधी होती. पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईला खाकी वर्दीच्या शेजारी एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी. तिनं ऐकून घ्यावं, 'तडजोड कर' असं न म्हणता पर्याय सांगावेत. आज असे कक्ष राज्यात ठिकठिकाणी आहेत. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी 'दिलासा' केंद्र काढलं. 'जिन्यावरून पडले' म्हणत येणाऱ्या बाईची जखम बघून डॉक्टर आणि नर्स यांनी योग्य तो प्रश्न विचारावा आणि तिला समुपदेशकाकडे पाठवावं, हे त्यांना शिकवलं गेलं. नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांतही हे काम पोहोचलं. पुण्यात विद्या बाळ यांनी उभ्या केलेल्या नारी समता मंचाचं 'बोलते व्हा' केंद्र हेच काम करत आलं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी वन स्टॉप सेंटर' असतं. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस आणि वकील हे सगळं एका छताखाली मिळावं अशी योजना आहे. गावात असाल तर अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना गाठा. कोणाच्या घरात काय चालतं हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं.

दाखल्यावाचून शाळा अडते का?

आई मुलांना घेऊन माहेरी आली. ऑगस्ट चालू आहे. पोराची शाळा बुडते आहे. नवी शाळा म्हणते दाखला आणा, जुनी शाळा म्हणते वडिलांची सही आणा आणि वडील म्हणतात 'आधी घरी या'. पुष्कळ बायका परत जातात त्या इथेच हरतात म्हणून. मार सोसवतो, पोराचं वर्ष वाया गेलेलं सोसवत नाही.

इथे शिक्षण हक्क कायदा, २००९ कामाला येतो. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. हे वाक्य मुख्याध्यापकांसमोर नीट बोलू शकणारं कुणीतरी त्या आईबरोबर असलं की काम होतं. हे काम एसवायला असलेली भाचीसुद्धा करू शकते.

पैशांचं काय? राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिचं नाव अनेकांनी कोविडमध्ये अनाथ झालेल्या मुलांच्या संदर्भात ऐकलं असेल. पण एकल पालकांची मुलं आणि आई-वडिलांमधल्या टोकाच्या बेबनावामुळे, कोर्ट-पोलीस प्रकरणामुळे अडचणीत सापडलेली मुलंही तिच्यात बसू शकतात. महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होतो. वकिलाची फी हा प्रश्न असेल तर तोही सुटतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फॉर्म भरणं, झेरॉक्स काढणं, रांगेत उभं राहणं, ऑनलाइन अर्जाचा ओटीपी वेळेत टाकणं ही कामं आपल्या पिढीला डाव्या हातचा मळ आहेत. एखाद्या मावशीसाठी तीच डोंगराएवढी असतात.

मुलाशी बोलायचं कसं?

तुमच्या क्लासमधला एखादा पोरगा, शेजारची छोटी किंवा तुमचाच मावसभाऊ काही सांगायला लागला, तर आपल्याला घाम फुटतो. काय बोलावं? खरं तर आधी फार बोलायचंच नाही. मोबाइल उलटा ठेवायचा आणि ऐकायचं. मग तीन गोष्टी सांगायच्या. तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काहीही चूक नाही. हे थांबवायची जबाबदारी तुझी नाही, मोठ्यांची आहे. मधली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. बरीच मुलं मनात धरून बसलेली असतात की माझे मार्क कमी आले म्हणून बाबा चिडले आणि म्हणून आईला मार पडला.

'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ते मोडावं लागलं तर मुलाचा उरलासुरला विश्वासही जाईल. त्याऐवजी म्हणा, 'मी सगळीकडे सांगत सुटणार नाही. पण मदत करू शकेल अशा माणसाशी मला बोलावं लागेल आणि ते मी तुला सांगून करेन.' वडिलांना शिव्या घालू नका. मुलाला बाबांचा राग असतो, भीती असते आणि माया पण असते. तुम्ही शिव्या दिल्यात की ते बाबांची बाजू घ्यायला लागतं आणि बोलणं तिथेच संपतं. तपशील खोदू नका, चौकशी करायला प्रशिक्षित माणसं आहेत.

आणि कृपा करून रील करू नका. शेजारच्या घरातला आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला की 'अवेअरनेस' होतो असं वाटत असेल तर थांबा. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्यानं मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शिक्षा बाजूला ठेवली तरी उद्या त्या पोराला वर्गात बसायचं असतं.

लहान भावंडासाठी एक साधा सुरक्षेचा आराखडा ठरवता येतो. मोठे आराखडे करतात तेव्हा मुलाला कुणी विचारत नाही, म्हणून हे त्याच्याशी बोलूनच करा. मारहाण सुरू झाली की मध्ये पडायचं नाही, हे सगळ्यात आधी. आईला वाचवणं हे त्याचं काम नाही. स्वयंपाकघरात लपायचं नाही, तिथे सुरी, चाकू, गॅस असतो. बाहेर पडायचा रस्ता आणि पोहोचायचं घर आधीच ठरलेलं असावं. त्या घरच्या काकूंनाही ते माहीत हवं. पूर्ण पत्ता पाठ हवा, पिनकोडसकट. ताईशी फोनवर बोलताना वापरायचा एक साधा शब्द ठरवावा, म्हणजे बाबा शेजारी असले तरी 'माझी भूगोलाची वही सापडत नाहीये' एवढ्यावर ताईला कळेल. आईचे आणि मुलांचे आधार, जन्मदाखले, रेशनकार्ड, पासबुक यांचे फोटो तुमच्या मेलवर असू द्यात.

एक सावधगिरी. बाई घर सोडायचं ठरवते, तो काळ बऱ्याचदा सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून 'आई, तू आजच निघ' असा हट्ट धरण्याआधी संरक्षण अधिकारी किंवा विशेष कक्षाशी बोलून ठरवलेलं बरं. आणि बाबांना एकट्यानं जाऊन जाब विचारायचा फिल्मी मोह टाळा. त्याची किंमत तुम्ही हॉस्टेलवर परतल्यावर घरातलं माणूस मोजतं.

तुझं वय १८ च्या पुढे आहे, म्हणून

आता थोडं थेट, ज्यांच्या घरचीच ही गोष्ट आहे त्यांच्याशी.

अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या भाषेत तू 'बालक' राहत नाहीस. चाइल्डलाइन आता तुझ्यासाठी नाही, पण तुझ्या सहावीतल्या भावासाठी ती लावणारा मोठा माणूस तू आहेस. हे ऐकायला बरं वाटतं आणि जडही वाटतं. कारण मनात एक बोचणी आधीच असते: मी सुटलो, तो तिथेच आहे. त्यामुळे कुणी सुट्टीत घरी जात नाही आणि कुणी कॉलेज सोडून घरीच राहतं.

शिकायला बाहेर पडणं म्हणजे पळून जाणं नाही. तुझी डिग्री आणि पुढे तुझा पगार यांवर उद्या त्या घराचे पर्याय वाढणार आहेत. तोवर रोजचा फोन चालू ठेव. पण तेवढ्यावर थांबू नकोस. घराच्या पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारं एक मोठं माणूस शोध आणि त्याला स्पष्ट सांग. 'आमच्या घरी जरा लक्ष असू द्या' एवढंच म्हणशील तर ते डोळे मिटतील. 'बाबा आईला मारतात, भाऊ तुमच्याकडे पळत आला तर दार उघडा' असं सांग.

आणि तुझं काय? लहानपणी गाडीच्या आवाजावर कान ठेवून जगलेलं शरीर हॉस्टेलवर आलं म्हणून लगेच सैल होत नाही. कुणी दार आपटलं की छातीत धडधडतं, कुणी आवाज चढवला की हातपाय गार पडतात. रिलेशनशिपमध्ये समोरच्याचा मूड सांभाळण्यातच सगळा दिवस जातो. याच्यावर बोलता येतं, मदत मिळते. टेलि-मानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांचं दार फक्त नापास झालेल्यांसाठी नसतं.

पोरांनो, आपणही

'बाप तसा बेटा' हे वाक्य अशा घरातल्या मुलग्यांना आतून खात असतं. मीही तसाच होईन का? सर्वेक्षणं सांगतात की वडिलांना आईवर हात उचलताना बघितलेल्या मुलींच्या वाट्याला पुढे नवऱ्याची हिंसा येण्याचं प्रमाण जास्त आहे. पण प्रमाण जास्त असणं म्हणजे नशिबात लिहिलेलं असणं नव्हे. बघितलेलं नाकारूनच वेगळे झालेले पुरुषही आपल्या आजूबाजूला आहेत.

१९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानं वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. बायकांना होणाऱ्या मारहाणीच्या विरोधात काम करू इच्छिणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय. दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातूनच १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी कॉलेजमधल्या मुलांशी पुरुषपणाबद्दल बोलत आले आहेत. 'पुरुष स्पंदनं' हा त्यांचा दिवाळी अंक तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत असायला हरकत नाही. नसेल तर मागा.

'नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये' हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण त्या भांडणात तिसरा आधीच पडलेला असतो, तो सहा वर्षांचा असतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. २००८ मध्ये ब्रेकथ्रू संस्थेनं 'बेल बजाओ' ही मोहीम काढली होती. तिच्या जाहिरातीत क्रिकेट खेळणारी पोरं शेजारच्या घरातला आवाज ऐकून बेल वाजवतात आणि बॉल मागतात. बॉल त्यांच्याच हातात असतो. मारणाऱ्याला एवढंच कळतं की बाहेर कुणीतरी ऐकतंय. आपला जीव धोक्यात घालायचा नाही, दोघंतिघं असतानाच जायचं आणि प्रकार गंभीर वाटला तर बेल न वाजवता ११२ लावायचा. पण एरवी वाटीभर साखर मागायला कितीसं धाडस लागतं?

फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा

१०९८ : चाइल्डलाइन. मुलांसाठी, चोवीस तास.
११२ : मारहाण चालू असेल तर पोलीस.
१८१ : महिला हेल्पलाइन. सखी केंद्राची माहितीही इथे मिळते.
१५१०० : मोफत कायदेशीर मदत.
१४४१६ : टेलि-मानस. मनावरचा ताण, भीती, झोप न लागणं यासाठी.

आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचं कार्यालय कुठे, हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारलं की कळतं. एनएसएसच्या पुढच्या कॅम्पमध्ये भिंती रंगवायच्या असतील, तर एका भिंतीवर हे पाच नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. पहिलीतल्या पोराला वाचता येतील एवढे मोठे.